धूर दिसला, आता पळायचं कुठे?

तळोदा म्हणजे काही डोंबिवली नव्हे, मग केमिकलच्या आगीचा विषय इथे कशाला, असं काही जणांच्या मनात आलंच असेल. म्हणून लांबचं नाही, जवळचंच उदाहरण घेऊ.

३१ ऑगस्ट २०१९. आदल्या दिवशीच पोळा झालेला. शनिवारी सकाळी शिरपूर तालुक्यातल्या वाघाडीजवळच्या रसायन कारखान्यात स्फोट झाला, आग लागली. किमान १३ माणसं गेली, कित्येक जखमी झाली. विषारी वायू पसरेल या भीतीने आसपासच्या गावांतल्या लोकांना बाहेर पडायला सांगावं लागलं. आणि आपल्या दारावरून तर अंकलेश्वरचा रस्ता जातो. रोज टँकर जातात, आपण चहा पीत बघतो.

आता बाहेर पडायचं म्हणजे कुठे? सगळ्यात मोठी चूक इथेच होते. माणूस आगीकडे पाठ करून सरळ पळतो, आणि वारा त्याच दिशेने असला तर धूरही त्याच्याबरोबर पळतो. आधी धुराचा कल बघा, झाडाची पानं, झेंडा बघा, आणि वाऱ्याला आडवं निघा. नाल्यात, खोलगटात उतरू नका. क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड असतो, तो तिथेच साचतो. हिवाळ्यातल्या पहाटे तर गार हवा धुराला वर चढूच देत नाही.

ढग अगदी जवळ आला असेल तर घरातच थांबा, दारं-खिडक्या लावा, पंखा-कूलर बंद, फटींत ओले कपडे कोंबा, असं सांगतात. सल्ला बरोबर आहे, पण तो स्लॅबच्या घराचा आहे बरं का! सातपुड्यातल्या पाड्यावर कुडाच्या भिंती आणि कौलं, तिथे फटी किती बुजवणार? अशा वस्तीसाठी आम्हाला दोनच मार्ग दिसतात: लवकर आडवं निघणं, नाहीतर शाळेची पक्की इमारत. तिची चावी कुणाकडे असते हे आजच विचारून ठेवा.

तोंडावर ओलं फडकं धरावं का? जरूर धरा. काजळी अडते, अमोनिया आणि क्लोरीनसारखे वायूही थोडे अडतात. कार्बन मोनॉक्साइड मात्र अजिबात अडत नाही. म्हणजे फडकं निघून जाण्यासाठी आहे, आग बघत उभं राहण्यासाठी नाही. मोबाईलवर शूटिंग करायला तर नाहीच नाही.

आणखी एक, हे फार महत्त्वाचं. काही वायूंनी सुरुवातीला नुसता खोकला येतो, डोळे चुरचुरतात. माणूस बरा वाटतो म्हणून घरी जातो, आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी भरतं. धूर लागलेल्याने शेतात कामाला जाऊ नये. दम लागला तर लगेच १०८. डॉक्टरांना काय जळत होतं ते सांगा. टँकरवर पाटी असते, तिच्यावर चार आकडी नंबर असतो: १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ म्हणजे क्लोरीन. लांबूनच वाचा, ११२ ला तोच नंबर कळवा.

शेवटी एका शेतकरी भावाने विचारलं, औषधाच्या दुकानाला आग लागली तर? फवारणीची औषधं म्हणजे बाजारपेठेतला छोटा केमिकल कारखानाच की! त्या धुराने घाम, लाळ सुटली, बाहुल्या बारीक झाल्या तर विषबाधा समजा आणि डब्यावरचं नाव डॉक्टरांना सांगा. आग विझवलेलं पाणी गटारातून नाल्यात जातं, ते मातीचा बांध घालून अडवायला हवं. गुरं तिकडे सोडू नका. विहिरीचं पाणी तपासून येईपर्यंत पिऊ नका. उकळून हे विष जात नाही. आणि काजळी बसलेला चारा, भाजी? भाजी टाकून द्या, चारा बाजूला ठेवा, कृषी खात्याला आणि जनावरांच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय गव्हाणीत घालू नका.