जालना ते परदेश: विद्युत अभियांत्रिकीच्या शिक्षणाचा मागोवा

जालना जिल्ह्यातून विद्युत अभियांत्रिकी शिकायला परदेशी जाण्याची वाट कशी बदलत गेली, हे त्या त्या काळी खर्च कोणी उचलला यावरून सर्वांत स्पष्ट कळते. आधी दरबार, मग सरकार, मग परदेशी विद्यापीठ आणि गेल्या पंचवीस वर्षांत बँक. हुशारीची गरज प्रत्येक काळात होती. दार मात्र ज्याच्या हाती पैसा होता त्यानेच उघडले.

या विद्याशाखेचा जन्म 1880 च्या दशकातला. अमेरिकेतील एमआयटीने 1882 साली विद्युत अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम सुरू केला आणि योगायोगाने त्याच वर्षी पुण्याचे केशव मल्हार भट त्या संस्थेत दाखल झाले. तिथे शिकलेले ते पहिले भारतीय मानले जातात. पुढे 1922 साली औंध संस्थानातले शंतनुराव किर्लोस्कर तिथेच यंत्र अभियांत्रिकी शिकायला गेले. पुणे आणि औंधच्या मुलांना दिसू लागलेली ही वाट जालन्याला मात्र फार लांब होती. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यातील एक तालुका होता आणि उच्च शिक्षणासाठी तोंड पुण्याकडे नव्हे, हैदराबादकडे असे. हैदराबाद दरबार शिष्यवृत्ती देऊन विद्यार्थी विलायतेला पाठवी. 1895 साली इंग्लंडला गेलेल्या सरोजिनी नायडू हे त्यातले सर्वांत ठाऊक असलेले नाव. पण अशी शिष्यवृत्ती राजधानीतल्या, दरबाराशी ओळख असलेल्या घरांपर्यंत पोचे. शिवाय 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. घरी मराठी, वर्गात उर्दू आणि परदेशी इंग्रजी असा तिहेरी डोंगर मराठवाड्यातल्या मुलासमोर उभा राही.

सरकारी पैशाने परदेशी तांत्रिक शिक्षण ही कल्पना दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस रुजली. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते आणि वीज हा विषयही त्याच खात्यात येई. देशाच्या वीजविकासाचा तांत्रिक विचार करणारे केंद्रीय मंडळ 1944 साली त्यांच्याच कारकिर्दीत स्थापन झाले. पाठोपाठ 1945 साली केंद्र सरकारने परदेशी शिष्यवृत्तीची मोठी योजना हाती घेतली. स्वातंत्र्यानंतर 1954-55 पासून अनुसूचित जाती-जमातींसाठी राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती सुरू झाली. बाबासाहेबांनी 1950 साली औरंगाबादेत सुरू केलेल्या महाविद्यालयामुळे, म्हणजेच पुढच्या मिलिंदमुळे, जालना-अंबड-भोकरदनच्या मुलांना पदवीचे शिक्षण प्रथमच हाकेच्या अंतरावर आले, हे या योजनांइतकेच महत्त्वाचे. शिष्यवृत्ती कितीही उदार असली तरी तिच्यासाठी अर्ज करू शकेल असा पदवीधर आधी गावात असावा लागतो.

अभियंता तयार व्हायला आणखी एक दशक लागले. मराठवाडा 1948 साली मुक्त झाला, 1956 साली द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 साली औरंगाबादला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. मंडळाची नोकरी हे पुढची तीस वर्षे विद्युत शाखेच्या मुलाचे पहिले स्वप्न राहिले. परळीचे औष्णिक केंद्र, उपकेंद्रे, गावोगावी पोचणारे खांब आणि तारा यांना माणसे हवी होती. परदेशाचा विचार त्यानंतरचा. जे गेले ते बहुतेक अमेरिकेत एमएससाठी, आणि तेही विद्यापीठाने शिकवण्याचे किंवा संशोधनाचे काम देऊन फी माफ केली तरच. अमेरिकेचा 1965 चा स्थलांतर कायदा शिक्षण संपल्यावर तिथे राहू पाहणाऱ्यांच्या पथ्यावर पडला. जालन्याहून मुंबईचे विमानतळ गाठायचे तर मीटरगेज गाडीने मनमाड आणि तिथे गाडी बदलून पुढे, असा प्रवास 1990 च्या दशकात रुळांचे रुंदीकरण होईपर्यंत चालू होता.

खरी गर्दी 2001 नंतरची. त्या वर्षी बँकांच्या संघटनेने शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आखली आणि परदेशी शिक्षण श्रीमंतांपुरते उरले नाही. तरी शेतकरी कुटुंबाची अडचण वेगळीच होती. ठरावीक रकमेच्या वर, पुढे साडेसात लाखांच्या वर, बँक तारण मागते. घरात सातबारा असतो, पण शेतजमीन तारण म्हणून घ्यायला बँका नाखूश असतात, कारण 2002 च्या थकीत कर्जवसुलीच्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. त्यामुळे वीस एकर कोरडवाहू रान असलेल्या बापापेक्षा शहरात एनए प्लॉट असलेल्या नोकरदाराच्या मुलाला व्हिसाची तारीख आधी मिळते. कर्जाची रक्कम, पाहुणे-रावळ्यांकडून उसनवारी आणि जामीनदार शोधणे, हा या शिक्षणाचा अभ्यासक्रमात न छापलेला पहिला पेपर होय.

विषय निवडताना जिल्ह्याचा स्वतःचा अनुभवही मागे उभा असतो. जालन्याची औद्योगिक वसाहत पोलादाची: भंगार वितळवणाऱ्या इंडक्शन फर्नेस आणि सळया ओढणाऱ्या रोलिंग मिल. अशा भट्टीत वीज हाच मोठा खर्च. भट्टीचा कन्व्हर्टर 50 हर्ट्झच्या प्रवाहाची वारंवारता वाढवतो आणि त्या ओघात वाहिनीत हार्मोनिक्स सोडतो. ते कसे गाळायचे, पॉवर फॅक्टर कसा राखायचा, हे पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे प्रश्न इथे रोजच्या बिलाचे प्रश्न आहेत. दुसरीकडे 2005 नंतरच्या लोडशेडिंगच्या वर्षांत गावातली मुले रात्री पाणी द्यायला जात आणि जळालेला डीपी बदलून मिळण्याची वाट पाहत मोठी झाली. असे असूनही 2000 च्या दशकात परदेशी गेलेल्यांपैकी अनेक जण विद्युत शाखेतून संगणकाकडे वळले, कारण पगार तिकडे होता. सौरऊर्जा, बॅटरी आणि विद्युत वाहने यांमुळे आता पुन्हा मूळ विषयाला भाव आला आहे.

डिप्लोमा झालेल्यांसाठी नावांचा एक गुंता आहे. अमेरिकेत विद्युत अभियांत्रिकी आणि विद्युत अभियांत्रिकी तंत्रज्ञान या दोन वेगळ्या पदव्या असून एबीईटी संस्थेचे वेगवेगळे आयोग त्यांना मान्यता देतात. पहिलीत गणित आणि सिद्धान्त जड, दुसरीत प्रयोगशाळा, पीएलसी, रिले आणि वायरिंगचे नियम जास्त. पॉलिटेक्निकमधून आलेल्या मुलाच्या हाताला दुसरी अधिक जवळची. परंतु काही राज्यांत परवानाधारक अभियंता होण्यासाठी तिला जास्त वर्षांचा अनुभव लागतो. दहावीनंतरची आपली तीन वर्षांची पदविका मात्र तिकडे पदवी म्हणून चालत नाही, म्हणून बहुतेक जण थेट द्वितीय वर्षातून बीई पूर्ण करूनच निघतात. हाच शहाणपणाचा मार्ग ठरला आहे. 

सरकारी मदतीचा हातही 2003 नंतर परत आला. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातील 75 पर्यंत विद्यार्थी दरवर्षी जगातील नामांकित विद्यापीठांत जातात. इतर मागासवर्ग आणि मराठा-कुणबी समाजासाठी तशाच योजना पुढे आल्या. अख्ख्या राज्यात इतक्या थोड्या जागा, म्हणजे एका जिल्ह्याच्या वाट्याला बोटावर मोजण्याइतक्या. कर्ज सुटत नाही ते म्हणूनच.

अलीकडची वर्षे पुन्हा हिशेब बदलणारी आहेत. अमेरिकेत विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीनंतर एक वर्ष आणि 2016 च्या नियमाने आणखी दोन वर्षे काम करता येते. कर्ज फिटते ते याच काळात. पण सप्टेंबर 2025 मध्ये नोकरीसाठीच्या एच-1बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लागले आणि ही गणिते डळमळली. कॅनडाने 2024 पासून विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. त्यामुळे जर्मनीकडे ओढा वाढला. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग हे राज्य मात्र युरोपीय संघाबाहेरच्यांकडून सत्राला 1,500 युरो घेते. नोव्हेंबर 2022 पासून भारतीयांना कागदपत्रांच्या तपासणीचे एपीएस प्रमाणपत्र लागते आणि सप्टेंबर 2024 पासून राहण्याच्या खर्चापोटी वर्षाला 11,904 युरो बंद खात्यात दाखवावे लागतात. तिथली उपयोजित विज्ञानाची विद्यापीठे कारखान्यांशी जोडलेली असल्याने रोलिंग मिलच्या आवाजात वाढलेल्या मुलाला ती मानवतात. अडते ते जर्मन भाषेवर, कारण वर्ग इंग्रजीत मिळाले तरी शॉपफ्लोअरवरचा कामगार जर्मनच बोलतो.