प्रिंटरला शाईची पातळी कशी कळते?

उद्या प्रकल्पवही द्यायची आहे, चार पाने छापायची राहिली आहेत आणि नेमकी तेव्हाच पडद्यावर सूचना येते : ‘शाई संपत आली आहे.’ तुम्ही लगेच नव्या कार्ट्रिजसाठी घरी पैसे मागता. पण विद्यार्थी मित्रांनो, जरा थांबा. प्रिंटरला डोळे नाहीत. मग शाई किती उरली, हे त्याला कळले कसे?

बहुधा तो शाई पाहतच नाही; तो थेंब मोजतो. शाई फवारणाऱ्या प्रिंटरच्या हेडला केसाहून बारीक अशी शेकडो छिद्रे असतात. काही प्रिंटरांत प्रत्येक छिद्रामागे एक चिमुकला तापक असतो. विजेच्या झटक्याने तो काही मायक्रोसेकंदांत सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, त्याला लागलेल्या शाईची वाफ होते आणि वाफेचा बुडबुडा शाईचा थेंब बाहेर ढकलतो. १९७७ साली जपानमध्ये कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत तापलेले सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला टेकले, शाई उडाली आणि त्यातून ही कल्पना सुचली.

हा थेंब अवघ्या काही पिकोलिटरचा असतो. एका लिटरचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यांतला एक भाग म्हणजे पिकोलिटर. थेंब ५ पिकोलिटरचा धरा; १० मिलिलिटर शाईत २०० कोटी थेंब होतात. हवे तर गणित करून पाहा. सोडलेले थेंब प्रिंटर या आकड्यातून वजा करीत जातो. म्हणजे ती सूचना हा हिशेब आहे, मोजमाप नव्हे. शिवाय तापकाला थंड ठेवण्याचे कामही शाईच करते. कोरड्या हेडचा तापक जळू शकतो. म्हणून सूचना थोडी आधीच दिलेली असते. अक्षरे ठळक उमटत असतील, तर तुमची चार पाने बहुधा निघतील. फिकी झाली की मात्र हट्ट करू नका.

काही टाक्यांत खरोखरची तपासणीही असते, आणि ती मला फार आवडते. टाकीच्या तळाशी पारदर्शक प्लॅस्टिकचा लोलक असतो. त्याच्या तिरप्या बाजूवर प्रकाश ४५ अंशांनी पडतो. बाहेर शाई असेल, तर क्रांतिक कोन सुमारे ६२ अंश, म्हणून प्रकाश शाईत निघून जातो. शाई उतरून तेथे हवा आली की क्रांतिक कोन ४२ अंशांवर येतो, प्रकाशाचे पूर्ण आंतरिक परावर्तन होते आणि संवेदकाला तो परत मिळतो. रिकामी परीक्षानळी पाण्याच्या चंचुपात्रात तिरपी बुडवून वरून पाहा. ती चांदीसारखी चमकेल. आता नळीत पाणी ओता, चांदी नाहीशी!

शाई वाचवायची तर आधी तिची गळती कोठे आहे ते पाहा. हेडची सफाई केली की कागदावर काहीही न उमटता शाई खर्च होते आणि तळाच्या शोषक पॅडमध्ये जिरते. म्हणून चाचणीच्या पानावर रेघा तुटक दिसल्याशिवाय सफाई करू नका. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करा, म्हणजे हेड जागेवर जाऊन त्यावर टोपी बसते. भिंतीवरचे बटण आधी बंद केले, तर हेड उघडेच राहून शाई वाळू शकते. आठवड्यातून एखादे रंगीत पान छापणे हे सफाईपेक्षा स्वस्त पडते. कच्च्या प्रतीसाठी ‘ड्राफ्ट’ निवडा. त्यात थेंब विरळ पडतात. आणि गडद पार्श्वभूमीची मुखपृष्ठे? त्यांची हौस रंगीत कागदावर भागवा.

तुमच्याकडे पारदर्शक टाक्यांचा प्रिंटर असेल, तर पडद्यापेक्षा टाकीवर विश्वास ठेवा. अर्धीच टाकी भरून ‘पूर्ण भरली’ असे सांगितले, तर काही प्रिंटर तेच खरे मानून मोजू लागतात. दर रविवारी शाईची पातळी मोजपट्टीने मोजून, छापलेल्या पानांच्या संख्येसह वहीत टिपा आणि आलेख काढा. सफाई केलेल्या आठवड्यात रेषा एकदम खाली आलेली दिसते का, ते पाहा.