फवारणीचा मजूर आणि आपली जबाबदारी



हुमणी लागली की सरीत फोरेटचे दाणे टाकायचे, ही आपली जुनी सवय. परंतु 31 डिसेंबर 2020 पासून फोरेटचा वापर देशभर बंद झालेला आहे. तरीही एखाद्याच्या कोठीत अर्धी पिशवी पडून असते आणि 'आहे तर संपवू' म्हणून ती गड्याच्या हाती दिली जाते. हे धोक्याचे आहे. असा साठा वापरू नका, पाटात किंवा ओढ्यात ओतू नका. कुलुपात ठेवून कृषी खात्याला कळवा.

कीटकनाशक कायदा 1968 चा, नियम 1971 चे. औषध हाताळणाऱ्याला हातमोजे, मुखपट्टी, अंगभर कपडे आणि कामाची नीट माहिती मिळालीच पाहिजे. मजूर आपण लावला, म्हणजे ही तजवीजही आपणच करायची. 'तो घालतच नाही' म्हणून हात झटकू नयेत. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर दगावले, हे विसरू नका.

डब्यावरचा त्रिकोण पाहा : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, शेवटी हिरवा. वाऱ्याकडे तोंड करून फवारू नये. रिकामा डबा घरात वापरू नये. मळमळ, घेरी, लाळ सुटली तर काम थांबवून कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि डब्यासह दवाखाना गाठा.

बंद औषधांची यादी बदलत असते. खरेदीपूर्वी गट ऑफिसात विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

— ऊस विकास अधिकारी