‘अहो’ला फोन कोण लावणार?

तुमच्या मोबाइलमध्ये ‘दादा’ किती? सोसायटीचे दादा, दूधवाले दादा, पाणीवाले दादा... सख्खा भाऊ मात्र ‘बंड्या’ नावाने सेव्ह! नवरा ‘अहो’ आणि बायको ‘होम मिनिस्टर’. आपल्याला सगळं कळतं हो, पण तुम्ही रस्त्यात चक्कर येऊन पडलात, तर फोन उचलणाऱ्या परक्या माणसाला काय कळणार?

हाच प्रश्न इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या बॉब ब्रॉची या पॅरामेडिकला पडला. बेशुद्ध रुग्णांच्या फोनमध्ये घरच्यांचा नंबर शोधून बेजार झालेल्या या गृहस्थाने २००५ मध्ये साधी युक्ती सुचवली: जवळच्या माणसाच्या नावाआधी ‘आइस’ (ICE, म्हणजे ‘इन केस ऑफ इमर्जन्सी’) ही तीन इंग्रजी अक्षरं लिहा. त्याच वर्षी ७ जुलैला लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये बॉम्बस्फोट झाले आणि ही युक्ती जगभर पसरली. पाठोपाठ अफवाही आलीच, की हा म्हणे व्हायरस आहे! फॉरवर्डबहाद्दर तेव्हाही होतेच, फक्त ईमेलवर.

पण ही अक्षरं इंग्रजी. ज्याला ती वाचता येत नाहीत, त्याने काय करायचं? मग आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००८ मध्ये आकड्यांचा तोडगा काढला: नावाआधी ०१, ०२ असं लिहा. ‘०१ आई’, ‘०२ बाबा’. पुढचं नाव कुठल्याही भाषेत चालतं. आमच्या मते ही ‘आइस’पेक्षा सरस कल्पना, पण बिचारीला प्रसिद्धी मिळाली नाही.

आणि मग आलं लॉक! पासवर्ड, बोट, चेहरा. फोन चोरापासून वाचला, पण मदतीला धावलेल्यालाही तो उघडेना. ०१ काय नि आइस काय, सगळं कुलपाआड. उपाय फोनवाल्यांनीच काढला. आयफोनमध्ये २०१४ पासून ‘मेडिकल आयडी’ आहे, अँड्रॉइडमध्ये २०१६ च्या सातव्या आवृत्तीपासून ‘इमर्जन्सी इन्फॉर्मेशन’. रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं आणि घरच्यांचे नंबर भरून ठेवले, की लॉक न उघडता ‘इमर्जन्सी’वरून दिसतात. आयफोनवाल्यांनो, ‘शो व्हेन लॉक्ड’ चालू आहे ना, तेवढं बघा. नाहीतर भरलेलं सगळं पुन्हा कुलपातच.

तुमचा फोन हाती घेणारा पोलिसांच्या लफड्याला घाबरत असेल, तर कायदा त्याच्या बाजूने आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १३४अ नुसार अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर खटला भरता येत नाही. त्याला नाव सांगायची सक्तीही नाही.

आजोबांच्या बटणवाल्या फोनचं काय? तोही मागे नाही. केंद्राच्या २०१६ च्या नियमांनी अशा फोनवर ५ किंवा ९ चं बटण दाबून धरलं की मदतीचा फोन लागावा, अशी सोय सक्तीची केली. स्मार्टफोनला पॉवरचं बटण झटपट तीनदा दाबण्याचा पर्याय दिला. नंबर एकच, ११२. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका, सगळं त्यावर. ‘बघू तरी लागतो का’ म्हणून दाबून मात्र बघू नका. नातवाच्या हातून लागलाच, तर घाबरून कट न करता ‘चुकून लागला हो’ एवढं सांगा. नाहीतर कोण संकटात आहे, हे शोधण्यात पलीकडच्याचा वेळ जाईल.