वाफेच्या जुन्या तापनयंत्राची पाठशुद्धि

गेल्या हिंवाळ्यांत न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागांत राहणाऱ्या आमच्या एका संग्राहक स्नेह्यांचें पत्र आलें. आजोबांपासून चालत आलेले मोडी कागदांचे चार रुमाल व कांहीं पोथ्या ते ज्या खोलींत ठेवितात, तींतील वाफेचा रेडिएटर रात्रीं ऐरणीसारखा ठणठणतो, त्याच्या झडपेंतून पाण्याचे थेंब उडून शेजारच्या कपाटावर पडतात, आणि पलीकडील खोली मात्र थंडगार राहते. पाहावयास आलेल्या प्लंबरानें दाब वाढविण्याचा सल्ला दिला. या त्रैमासिकांत अशा विषयाचें काय प्रयोजन, असें कोणी विचारील. परंतु कागद ज्या हवेंत राहतो ती हवा ओळखणें हें संग्राहकाचें पहिलें काम होय, म्हणून त्यांस दिलेलें उत्तर येथें थोडें विस्तारानें देत आहों.

वाफेनें घर तापविण्याची कल्पना जुनी आहे. जेम्स वॉट यानें १७८४ च्या सुमारास आपली खोली अशीच तापविली होती, व ट्रेडगोल्डचा या विषयावरील इंग्रजी ग्रंथ १८२४ सालीं निघाला. न्यूयॉर्कांत रस्त्याखालील नळांतून वाफ पुरविण्यास १८८२ सालीं आरंभ झाला. आमच्या स्नेह्यांच्या घरीं मात्र तळघरांत स्वतंत्र बॉयलर आहे, आणि तेथून प्रत्येक रेडिएटरास एकच नळ जातो. त्याच नळांतून वाफ वर चढते व तिचें झालेलें पाणी खालीं परत येतें. पाण्याची वाफ झाली म्हणजे ती सुमारें १,७०० पट जागा व्यापते. ती आंत शिरावयाची तर तेथील हवा अगोदर बाहेर गेली पाहिजे. यासाठीं रेडिएटराच्या दूरच्या टोंकास हवा सोडणारी लहान झडप असते. वाफ लागतांच ती आपोआप मिटते.

आतां अशा यंत्राची परीक्षा पोथीप्रमाणेंच करावी, असें आमचें मत आहे. पोथींत अर्थ लागेना म्हणून मूळ लेखकास मूर्ख ठरविणारा संपादक आपण पाहिलेला आहे. दोष बहुधा मागाहून लिहिणाऱ्या हाताचा असतो. येथेंही तसेंच. मूळ बांधणाऱ्यानें दगडी कोळशाचा विस्तव धरला होता. तो रात्रंदिवस मंद जळे, हवा हळूहळू निघून जाई, व सर्व खोल्यांस वाफ पोंचे. पुढें कोणीं तेल किंवा गॅस जोडला व थर्मोस्टॅट बसविला. आतां जाळ एकदम पेटतो आणि जवळची खोली तापतांच विझतो. लांबच्या नळांतली हवा निघण्यास सवडच मिळत नाहीं. दुसरा हात नवा बॉयलर बसविणाऱ्याचा. त्याची पाण्याची पातळी जुन्याहून खालीं आली, तर परतीचा जो नळ पूर्वीं पाण्यांत बुडालेला असे तो उघडा पडतो, त्यांत वाफ शिरते, आणि थंड पाण्याशीं तिची गांठ पडून ठोके बसूं लागतात. तिसरा हात काळाचा: घर खचतें, नळास झोळ पडतो, झोळांत पाणी सांचतें.

दाब वाढविणें हा यांपैकीं एकाही दोषावरचा उपाय नव्हे. उघड्या हवेच्या दाबाखालीं वाफेची उष्णता २१२ अंश फॅरनहाइट असते. दर चौरस इंचास पांच पौंड अधिक दाब दिला तरी ती २२७ पर्यंतच जाते. तेवढ्या लाभासाठीं जळण वाया जातें, आणि हवेच्या झडपा दाबानें मिटलेल्याच राहतात. घरगुती यंत्रास दोन पौंडांहून कमी दाब पुरतो.

म्हणून आम्हीं असें लिहिलें: प्रथम नळांवरील जुन्या वेष्टनास हात लावूं नये; तें अॅस्बेस्टॉसचें असण्याचा पुष्कळ संभव असून त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे. तें काम त्या विषयांतील परवानाधारकाचें. नंतर बॉयलरच्या कांचनळींतील पाणी पाहावें. तें फार उसळत असेल तर त्यांत तेल व मळ आहे असें समजावें व पृष्ठभागावरचा थर जाणत्याकडून काढवावा. मग पाणसळ लावून मुख्य नळाचा उतार तपासावा. रेडिएटर आपल्या वाफेच्या झडपेकडे किंचित् कलता असावा, आणि ती झडप पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद ठेवावी. अर्धवट ठेविली कीं पाणी आंतच अडकतें. मुख्य नळाच्या शेंवटीं हवेसाठीं मोठी झडप नसेल तर ती बसवावी. दूरची खोली तापण्यास याहून स्वस्त उपाय नाहीं.

राहिला प्रश्न कागदांचा. वाफेच्या रेडिएटरानें खोली दमट होत असेल असा पुष्कळांचा समज दिसतो. वास्तविक वाफ नळांत कोंडलेली असते. गोठणबिंदूच्या हवेंत ८० टक्के आर्द्रता असली तरी तीच हवा ७० अंश फॅरनहाइटपर्यंत तापविली म्हणजे सापेक्ष आर्द्रता सुमारें २० टक्क्यांवर येते. अशा हवेंत कागद ठिसूळ होतो, ताडपत्र तडकतें, पोथीच्या फळ्या वाकतात. त्यांतच १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या सांथीनंतर खिडक्या उघड्या ठेवूनही खोली उबदार राहावी अशा बेतानें अनेक ठिकाणीं रेडिएटर मोठे बसविले गेले. खिडकी बंद केली कीं खोलीची भट्टी होते. तेथें हवेच्या झडपेमागें उष्णतेवर चालणारी नियामक झडप बसवितां येते.

स्नेह्यांचें दुसरें पत्र चैत्रांत आलें. तळघरांत नळाचा एक आधार सुटलेला सांपडला. तो बसवितांच ठोके थांबले, व मुख्य नळास नवी झडप लावल्यावर पलीकडील खोलीही तापूं लागली. परंतु आर्द्रतामापक त्यांनीं दोन्ही खोल्यांत ठेवून पाहिला, आणि पलीकडील खोलीचा रेडिएटर आतां मुद्दाम पूर्ण बंद केला आहे. चारही रुमाल तेथें, बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर, आहेत.