पिरनवाडीतून पुण्याची शिकवणी



बेळगाव शहरातून खानापूरच्या रस्त्याला लागले की उद्यमबागेचे कारखाने मागे पडतात आणि पिरनवाडी लागते. त्यापुढे मच्छे. तेथेच १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचे मुख्य ठाणे आहे. या टापूत पदवीधरांना तोटा नाही. तोटा आहे तो पदवीला शोभेल अशा कामाचा. बी.एड. होऊन जागेची वाट पाहणारे तरुण, लग्नानंतर नोकरी सुटलेल्या सुशिक्षित गृहिणी आणि निवृत्त होऊनही हाताला काम हवे असणारे गुरुजन घरोघर आढळतात. अशा मंडळींकडून गेल्या काही वर्षांत मला एकच प्रश्न वारंवार विचारला जातो : घरी बसून, ऑनलाइन शिकवणी करून, चार पैसे मिळतील काय? त्याचे उत्तर जमेल तितके रोखठोक देण्याचा आज माझा विचार आहे.

शिकवणी ही काही नवी गोष्ट नव्हे. नवे आहे ते अंतराचे नाहीसे होणे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, शाळा बंद पडल्या आणि ज्यांनी कधी संगणकाला हात लावला नव्हता असे शिक्षकही भ्रमणध्वनीच्या चिमुकल्या पडद्यावरून शिकवू लागले. त्या काळात मुलांचे जे नुकसान झाले ते आपण जाणतोच. तथापि एक गोष्ट पालकांच्या मनात पक्की बसली : शिक्षक समोर बसलेला नसला, तरी एका मुलाला एका वेळी नीट शिकवता येते. साठ मुलांच्या वर्गाला जे साधले नाही, ते एकट्या मुलाच्या बाबतीत साधले.

आता आपल्या सीमाभागाकडे पाहू. मराठी, कन्नड आणि शाळेत शिकलेले इंग्रजी अशा तीन भाषांत वावरण्याची सवय आपल्याला लहानपणापासून असते. आपण तिला ओझे समजतो. खरे पाहता तेच आपले भांडवल आहे. कर्नाटकाने २०१५ साली कन्नड भाषा शिक्षणाचा कायदा केला आणि महाराष्ट्राने २०२० साली शाळांतून मराठी सक्तीची केली. परिणामी पुण्यामुंबईच्या इंग्रजी शाळांतील अमराठी मुलांना मराठी शिकावी लागते आणि बदलीमुळे बंगळूरला गेलेल्या मराठी कुटुंबांतील मुलांना कन्नड. अशा मुलाला त्याच्या ओळखीच्या भाषेतून दुसरी भाषा समजावून देणारा माणूस हवा असतो. तो मनुष्य पिरनवाडीत बसलेला असला तरी काय बिघडले? परदेशांतील मराठी कुटुंबांनाही आपल्या मुलांना मराठी वाचता यावे अशी ओढ असते. उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळे शनिवार-रविवारी मराठी शाळा चालवतात, ती याच ओढीतून. गणित आणि विज्ञान शिकवणारे पुष्कळ आहेत. भाषा धीराने शिकवणारे थोडे आहेत. म्हणून नवशिक्याने भाषेपासून आरंभ करावा, असे मी सुचवीन.

परदेशी मुलांच्या बाबतीत घड्याळ नीट समजून घ्यावे लागते. आपल्याकडे शनिवारी सायंकाळी साडेसात वाजले की न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे दहा आणि हिवाळ्यात नऊ वाजलेले असतात. कारण तेथे मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळे पुढे-मागे करतात. लंडनला त्याच वेळी दुपारचे तीन किंवा दोन असतात. दुबईत मात्र बारा महिने सहाच. वेळ ठरवताना हे वहीत लिहून ठेवले नाही, तर पहिल्याच महिन्यात विद्यार्थी तिकडे वाट पाहील आणि गुरुजी इकडे जेवत असतील.

साधनांविषयी पुष्कळांच्या मनात उगीचच धास्ती असते. आरंभाला बरा भ्रमणध्वनी, कानाला लावण्याचे तारेचे यंत्र आणि भरवशाची इंटरनेट जोडणी एवढे पुरे. चित्र थोडे धूसर असले तरी मूल सांभाळून घेते. आवाज तुटला तर मात्र त्याचे लक्ष उडते. म्हणून पहिला खर्च आवाजावर करावा. फळा नसला तरी चालतो. दोन बाजूंना पुस्तकांची चळत रचून त्यांवर फळी ठेवावी, फळीच्या कडेला भ्रमणध्वनी खाली तोंड करून ठेवावा आणि खालच्या वहीवर ठळक अक्षरात लिहावे. अक्षराचे वळण मुलाला हात हलताना दिसते, आणि हा लाभ वर्गातल्या फळ्यालाही नाही. गूगल मीटवर दोघांचे बोलणे विनामूल्य आणि दीर्घकाळ चालते. झूमच्या विनामूल्य सोयीत ४० मिनिटांची मर्यादा आहे. आपल्याकडे आषाढात वीज जाणे हे ठरलेलेच. तेव्हा जोडणीच्या पेटीला लहानसा बॅटरी-संच बसवावा आणि तास बुडाल्यास तो कधी भरून द्यायचा, हे पालकांशी आधीच ठरवावे.

आता पैशाचा हिशेब. उदाहरणादाखल समजा, चार विद्यार्थी आहेत, प्रत्येकाला आठवड्यातून दोन तास आणि तासाला २०० रुपये. महिन्याचे ३२ तास आणि ६,४०० रुपये झाले. विद्यार्थी मिळवून देणारी एखादी कंपनी मध्ये असेल आणि तिने चौथा हिस्सा कापला, तर १,६०० गेले. काही कंपन्या याहून अधिक कापतात, तर काही पहिल्या तासाची सारी फी स्वतःकडेच ठेवतात. जोडणी व वीज यांचे ८०० धरा. उरले ४,०००. तासाच्या तयारीला अर्धा तास लागतो. म्हणजे आपले खरे श्रम ३२ नव्हे, ४८ तासांचे. तासाला सुमारे ८३ रुपये पडले. मध्यस्थ नसेल तर हाच आकडा ११७ होतो. सुट्टीचे दोन महिने यातून वजा करा. ही मिळकत संसाराला हातभार लावील, पण संसार चालवणार नाही. 'महिन्याला लाख रुपये घरबसल्या' असे सांगणाऱ्याने आपल्याला शिकवणी दिलेली नसते, स्वप्न विकलेले असते.

म्हणून विद्यार्थी शक्यतो ओळखीतून मिळवावेत. एका मुलाची प्रगती दिसली की त्याची आई दुसऱ्या दोघींना सांगते. याहून खात्रीची जाहिरात नाही. नाव नोंदवण्यासाठी आधी पैसे मागणारी संस्था दिसली की दूर राहावे. 'फी पाठवतो, एवढे चित्र स्कॅन करा आणि गुप्त आकडा टाका' असे कोणी म्हणाला तर तो ठक समजावा. पैसे घेण्यासाठी गुप्त आकडा कधीच लागत नाही, तो देण्यासाठीच लागतो. फसगत झालीच तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. मिळकतीचा हिशेब तारीखवार ठेवावा, कारण ती करपात्र उत्पन्नात धरली जाते. वस्तू व सेवा कराची नोंदणी मात्र वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेतो सहसा लागत नाही. आपल्या कामाला तो प्रश्न क्वचितच येईल.

तासासंबंधी दोन शब्द. पडद्यावर मूल लवकर थकते. पाऊण तास पुरे. पहिली पाच मिनिटे मागच्या पाठाची उजळणी, मग एकच नवी गोष्ट, आणि उरलेला वेळ मुलाने बोलायचे व लिहायचे. लिहिलेली वही पडद्यासमोर धरायला लावावी. गुरुजींचा आवाज निम्म्याहून अधिक वेळ ऐकू येत असेल, तर तास फसला असे समजावे. मूल लहान असल्यास घरातले कोणी जवळपास असावे आणि पालकांच्या संमतीवाचून तासाचे चित्रमुद्रण करू नये. अब्रू मुलाचीही राखायची असते आणि आपलीही.

आता सर्वांत नाजूक प्रश्न. मी स्वतः शाळेत शिकवतो. दोन वर्षांपूर्वी माझ्याच वर्गातील एका मुलाचे वडील संध्याकाळी घरी आले आणि म्हणाले, 'सर, रोज तासभर फोनवर घ्या, आपण म्हणाल ती फी देतो.' महिनाअखेर होती आणि घरात पैशाची निकड होती, हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही. पण २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २८ व्या कलमाने शिक्षकाला खाजगी शिकवणीची मनाई केली आहे. माध्यमिक शिक्षकांनीही आपल्या नेमणुकीच्या अटी आणि सेवानियम वाचावेत. फोनवरची शिकवणी ही शिकवणीच, पडद्याआड गेल्याने ती कायद्याआड जात नाही.

आणि कायदा नसता तरी? त्या रात्री मी पुष्कळ विचार केला. जे मी संध्याकाळी पैसे घेऊन समजावणार, ते सकाळी वर्गात का समजावले नाही, या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. एकाने फी दिली की उरलेल्या मुलांना अर्धा पाठ मिळू लागतो. हे जाणूनबुजून होत नाही, नकळत होते आणि म्हणूनच ते अधिक वाईट. मी त्या गृहस्थांना नाही म्हटले आणि मुलाला मधल्या सुट्टीत थांबायला सांगितले. तीन आठवड्यांत त्याचे अपूर्णांक सुटले.

तेव्हा हा जोडधंदा नोकरीतल्या शिक्षकाचा नव्हे. तो ज्याची विद्या घरात पडून आहे त्याचा आहे. चुलीपाशी बसून आपली पदवी विसरू लागलेल्या भगिनीने तो करावा, जागेची वाट पाहणाऱ्या तरुणाने करावा, निवृत्त गुरुजींनी करावा. आरंभ एका विद्यार्थ्याने करावा, आणि महिनाभर तो टिकला तरच दुसरा घ्यावा.

एक विनंती मात्र आहे. पुण्याच्या किंवा लंडनच्या मुलाला शिकवून झाल्यावर आठवड्यातला एक तास आपल्याच गल्लीतल्या मुलासाठी राखून ठेवा. त्याचे वडील उद्यमबागेत पाळीला जातात, आई कामावरून सातला परतते, आणि त्याच्याजवळ फी नाही. त्याला पडदा लागत नाही, तो दार ठोठावून येईल. दार तेवढे उघडे असावे.