फळी, बलक आणि प्रार्थना

आयकॉनचे, म्हणजे लाकडी फळीवर रंगवलेल्या ख्रिस्ती धर्मप्रतिमेचे, काम रंगाने सुरू होत नाही, लाकडाने होते. रशियात त्यासाठी लिंडनचे लाकूड पसंत करतात. ते हलके आणि मऊ असते, त्यातून राळ सुटत नाही. फळी चांगली मुरेपर्यंत वाळवायची. मग तिचा दर्शनी भाग मधोमध उथळ कोरून घ्यायचा, चारी कडांना थोडी उंच चौकट राहील असा. पाठीमागे आडव्या खाचा पाडून त्यांत लाकडी पट्ट्या सरकवायच्या. या पट्ट्यांना खिळे मारत नाहीत. लाकूड ऋतूप्रमाणे फुगते आणि आकसते. पट्टीला सरकायला वाव असेल तरच फळी सरळ राहते. त्यानंतर सरस. जनावराच्या कातड्यापासून किंवा माशापासून काढलेला सरस कोमट करून फळीला पाजायचा, त्यावर लिननचे जुने मऊ कापड चिकटवायचे आणि खडूची पूड सरसात कालवून पातळ अस्तर द्यायचे. एक वाळले की दुसरे. आठ, दहा, कधी त्याहूनही जास्त. मग घासून घासून फळी गुळगुळीत करायची.

इथपर्यंत ख्रिस्ताच्या चेहऱ्याची एक रेघही उमटलेली नसते. पण ज्याने हे काम भक्ती म्हणून हाती घेतले आहे, त्याची उपासना केव्हाच सुरू झालेली असते. तो उपवास धरतो, कामाला बसण्याआधी प्रार्थना म्हणतो, आणि अस्तराचा सातवा थर वाळण्याची वाट पाहणे हाही त्या प्रार्थनेचाच भाग मानतो. ग्रीस, रशिया, सर्बिया, रुमानिया, जॉर्जिया या देशांतल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांनी ही परंपरा शतकानुशतके जपली आहे. त्यांच्या घरात एका कोपऱ्यात आयकॉन असतो, त्यापुढे दिवा असतो. चर्चमध्ये वेदीसमोर आयकॉनची अख्खी भिंत उभी असते. लोक आत येताना त्यांपुढे वाकतात, त्यांचे चुंबन घेतात, मेणबत्ती लावतात.

लाकूड, सरस, खडू यांची एवढी बूज का राखायची, याचे उत्तर एका जुन्या आणि रक्तरंजित भांडणात आहे. इ.स. ७२६ च्या सुमारास बायझंटाइन सम्राट तिसरा लिओ याने धर्मप्रतिमांविरुद्ध मोहीम उघडली. मूर्ती करू नये ही मोशेला मिळालेली आज्ञा त्या पक्षाच्या हाताशी होती. चित्रे फोडली गेली, भिंती पुसल्या गेल्या, प्रतिमा जपणाऱ्या संन्याशांचा छळ झाला. त्या वेळी सम्राटाच्या हद्दीबाहेर, मुस्लिम खलिफांच्या राज्यात राहणारा दमास्कसचा योहान हा संन्यासी प्रतिमांच्या बाजूने उभा राहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: देव अदृश्य होता तोवर त्याचे चित्र काढता येत नव्हते हे खरे, पण तो माणूस होऊन जन्माला आला, लोकांनी त्याला डोळ्यांनी पाहिले, हातांनी स्पर्श केला. ज्या द्रव्याचा देह स्वतः देवाने धारण केला ते द्रव्य हीन कसे मानायचे? इ.स. ७८७ मध्ये नायसिया इथल्या दुसऱ्या धर्मसभेने निर्वाळा दिला की आराधना फक्त देवाची, प्रतिमेला आदर; आणि तो आदर प्रतिमेतल्या व्यक्तीपर्यंत पोहोचतो. वाद पुन्हा पेटला आणि शेवटी ८४३ मध्ये मिटला. ऑर्थोडॉक्स चर्च तो दिवस आजही उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी साजरा करते. लाझारोस नावाच्या चित्रकार संन्याशाची हकिकत त्याच काळातली. सम्राट थिओफिलोसने तापलेल्या लोखंडाने त्याचे हात भाजवले आणि जखमा भरताच त्याने पुन्हा चित्रे काढली, असे बायझंटाइन इतिहासकार सांगतात.

या धामधुमीतून फार थोडे जुने आयकॉन वाचले. जे वाचले त्यांतले बहुमोल आयकॉन सिनाई पर्वताच्या पायथ्याशी सेंट कॅथरीन मठात आहेत, कारण तिथपर्यंत सम्राटाचा हात पोहोचत नव्हता. तिथला सहाव्या शतकातला ख्रिस्त वितळलेल्या मेणात रंग मिसळून काढलेला आहे. त्याच्या चेहऱ्याच्या दोन बाजू एकसारख्या नाहीत. एक शांत, दुसरी कठोर. एक डोळा क्षमा करणारा, दुसरा जाब विचारणारा. छापील प्रतीतसुद्धा त्या नजरेपुढून लवकर हलता येत नाही.

पुढे मेणाची जागा अंड्याच्या बलकाने घेतली आणि हाच आयकॉनचा कायमचा रंग ठरला. पांढरे काढून टाकून बलक अलगद कोरडा करायचा, त्याचा पातळ पापुद्रा टोचून आतला द्रव भांड्यात घ्यायचा, त्यात पाणी आणि थोडे व्हिनेगर किंवा वाइन घालायची. रंग मातीचे आणि दगडांचे: पिवळी माती, गेरू, हिंगूळ, लाजवर्द, हिरवी माती, सफेदा. ते दगडी पाट्यावर पाण्यात खलून बलकात मिसळतात. बलक वाळला की इतका घट्ट धरतो की शेकडो वर्षांनीही रंग टवटवीत राहतो.

चित्राचा आराखडा मनाने काढायचा नसतो. जुन्या आयकॉनवरून उतरवलेले नमुने आणि त्यांच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात. त्यावरून रेषा उतरवून महत्त्वाच्या रेषा सुईने अस्तरात कोरतात, म्हणजे रंगाखाली त्या हरवत नाहीत. मग सोने. तेजोवलयाच्या जागी तांबूस चिकणमातीचा थर देऊन तो घोटायचा, जवळ वाकून त्यावर तोंडाची वाफ सोडायची, आणि ओल टिकून आहे तोवर वर्ख ठेवायचा. वाळल्यावर अकीकाच्या दगडाने चमकवायचा. देवाने मातीच्या आदामात श्वास फुंकला, ही बायबलमधली गोष्ट आयकॉन शिकवणारे इथे शिष्याला सांगतात. ती मला ओढूनताणून आणलेली वाटत नाही. श्वास खरोखरच लागतो. त्याशिवाय सोने मातीला धरत नाही.

रंगकामाचा क्रम ठरलेला आहे. फळी आडवी ठेवून पातळ रंग तिच्यावर सोडतात. आधी पार्श्वभूमी, डोंगर, इमारती, वस्त्रे. सगळ्यात शेवटी चेहरा आणि हात. जुन्या कारखान्यांत या दोन कामांची माणसेसुद्धा वेगळी असत आणि चेहरा करणाऱ्याचा मान मोठा. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी शेवटी आणि जाणत्या हाताने होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या क्रमामागची भावना वेगळी सांगायला नको. चेहऱ्यावर आधी गडद, हिरवट-तपकिरी थर पूर्ण भरतात. त्यावर पिवळ्या मातीच्या छटा, प्रत्येक आधीपेक्षा उजळ आणि आधीपेक्षा लहान जागेत. कपाळ, गाल, नाकाचा दांडा हळूहळू वर येतात. अखेरीस डोळ्यांभोवती पांढऱ्याच्या चार-दोन बारीक रेघा. बाहेरून कुठल्या एका दिशेने उजेड पडल्याची सावली आयकॉनमध्ये नसते. उजेड त्या व्यक्तीच्या आतून येतो असे मानले जाते, आणि काळोखावर थर चढवत जाण्याची ही पद्धत तेच हाताने करून दाखवते. शेवटी नाव लिहायचे. नावाशिवाय आयकॉन पूर्ण होत नाही. मात्र हे नाव चित्रातल्या संताचे; चित्रकाराने स्वतःचे नाव घालू नये, अशीच जुनी रीत.

इतक्या नियमांत कलावंताचे काय उरते, हा प्रश्न आपल्याला पडतो. १५५१ मध्ये मॉस्कोत भरलेल्या धर्मसभेने तर चित्रकाराने कसे वागावे हेही लिहून ठेवले: नम्र असावे, सौम्य असावे, वायफळ बोलू नये, भांडू नये, मत्सर करू नये, दारू पिऊ नये. स्वतःच्या कल्पनेने चित्रे काढू नयेत, जुन्या गुरूंप्रमाणे आणि आंद्रेई रुब्लेव्हप्रमाणे काढावीत, असेही त्या सभेने बजावले. मला या आदेशातली शेवटची गोष्ट फार मोलाची वाटते. नियमाचा आदर्श म्हणून त्यांनी ज्याचे नाव घेतले, त्या रुब्लेव्हने नियमात राहूनच कोणी केले नव्हते ते केले होते. अब्राहामाच्या घरी तीन देवदूत पाहुणे म्हणून आले, हा जुन्या करारातला प्रसंग त्याच्या आधीही चित्रकार काढत आले होते. त्यांत अब्राहाम असे, सारा असे, भरलेले ताट असे, वासरू कापणारा नोकरही कधी असे. पंधराव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत रुब्लेव्हने हे सगळे काढून टाकले. समोर उरले तीन देवदूत, एक मेज, एक प्याला. तिघे एकमेकांकडे असे झुकलेले की त्यांच्या देहांचे एक वर्तुळ होते, आणि पाहणाऱ्याच्या बाजूला ते वर्तुळ उघडे राहते. पवित्र त्रैक्याचे, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या एकाच देवाचे, याहून स्वच्छ चित्र माझ्या माहितीत नाही. परंपरेत नवे काही घालण्याऐवजी रुब्लेव्हने त्यातले अनावश्यक ते काढले. हा निवाडा करायला आयुष्यभराची प्रार्थना लागते, असे मला मनापासून वाटते.

हे चित्र शतकानुशतके कोणाला धड दिसतच नव्हते. आयकॉनवर शेवटी जवसाचे शिजवलेले तेल चोपडतात. त्याने रंग खुलतात, पण शंभरेक वर्षांत तेच तेल काळवंडते. वर मेणबत्त्यांचा धूर. मग कोणीतरी त्या काळ्या फळीवर तेच चित्र नव्याने रंगवतो, पुन्हा तेल, पुन्हा काळोख. रुब्लेव्हच्या ‘त्रैक्या’वर शिवाय धातूचे जड आवरण होते; चेहरे आणि हात तेवढे उघडे. १९०४ मध्ये ते आवरण काढून जतनकार वसिली गुर्यानोव्हने वरचे थर उतरवायला सुरुवात केली, तेव्हा खालून निळा, गव्हाळ, कोवळा हिरवा असे रंग आले. रशियन आयकॉन म्हणजे काळपट आणि उदास, ही समजूत त्या दशकात मोडली. १९११ मध्ये मॉस्कोला आलेला फ्रेंच चित्रकार मातिस जुन्या आयकॉनचे रंग पाहून हरखून गेला होता.

नेमक्या त्याच काळात जिवंत आयकॉनचा धंदा मात्र खचत होता. पालेख, म्स्त्योरा, खोलुई या खेड्यांत घरोघर आयकॉन होत, पण पत्र्यावर छापलेल्या स्वस्त आयकॉननी बाजार व्यापला होता. मग १९१७ ची क्रांती झाली. चर्चे बंद पडली. पालेखच्या कारागिरांनी १९२४ मध्ये सहकारी संस्था काढली आणि तेच बारीक कुंचले, तोच बलकाचा रंग वापरून कागदी लगद्याच्या काळ्या डब्यांवर परीकथा रंगवायला घेतल्या. ते डबे अप्रतिम आहेत. हात टिकला, प्रार्थना सुटली.

प्रार्थना टिकवली ती मारिया सोकोलोवा या बाईंनी. १८९९ मध्ये एका पाद्र्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. मॉस्कोतले आदरणीय धर्मगुरू अलेक्सेई मेचेव्ह हे त्यांचे आध्यात्मिक गुरू. म्स्त्योराच्या वसिली किरिकोव्हकडून त्या आयकॉनकाम शिकल्या. पोटापाण्यासाठी पुस्तकांची चित्रे काढायच्या आणि सवड मिळेल तेव्हा जुन्या मठांतून हिंडून भित्तिचित्रांच्या नकला उतरवून घ्यायच्या. गुरूंचे पुत्र सेर्गेई मेचेव्ह यांना १९४२ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. ज्या वर्तुळात त्या वावरत होत्या त्यात अटक ही रोजची भीती होती. विकायला बाजार नाही, लावायला चर्च नाही, दाखवायला माणूस नाही, अशा दिवसांत त्यांनी आयकॉन काढले. आयकॉन ही उपासना आहे की व्यवसाय, याची याहून कडक कसोटी कुठली असणार?

१९४६ मध्ये सरकारने सेर्गियेव्ह पोसादचा, म्हणजे तेव्हाच्या झागोर्स्कचा, त्रैक्य मठ चर्चला परत दिला. रुब्लेव्हचे ‘त्रैक्य’ मुळात याच मठासाठी काढलेले. मारिया तिथे जतनाच्या कामाला आल्या आणि १९५८ पासून तिथल्या धर्मविद्यालयात आयकॉन शिकवू लागल्या. आधी रेषा, मग वस्त्रे, मग चेहरा. आधी जुन्याची नक्कल, आणि ती समजून केलेली. पुढे त्यांनी गुप्तपणे संन्यास घेतला आणि जुलियानिया हे नाव धारण केले. १९८१ मध्ये त्या गेल्या. रशियातल्या आजच्या आयकॉन शाळांचा वारसा मोठ्या प्रमाणावर त्यांच्याशी जोडलेला आहे. शिष्यांसाठी लिहिलेल्या त्यांच्या टिपणांचे पुस्तक नंतर छापले गेले. त्यात श्रद्धेइतकाच विचार सरसाचा आहे, कारण त्यांच्या लेखी ही दोन कामे नव्हतीच.

म्हणूनच रुब्लेव्हच्या ‘त्रैक्या’वरून अलीकडे उठलेला वाद मला जिव्हारी लागतो. १९२९ पासून ते मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात होते. २०२२ मध्ये काही दिवस ते मठात नेले गेले आणि परतल्यावर तज्ज्ञांना त्याच्या स्थितीत बदल आढळले. तरीही २०२३ मध्ये सरकारने ते चर्चला देण्याचे ठरवले आणि जतनकारांचा विरोध बाजूला ठेवून ते संग्रहालयातून हलवले गेले. फळीचे जोड सहाशे वर्षांचे आहेत. हवेतली ओल कमीजास्त झाली की लाकूड हलते आणि त्यावरचे खडूचे अस्तर उचलले जाते. श्रद्धाळूंना ते समोर हवे, हे मला पूर्ण समजते. ते प्रार्थनेसाठीच काढले गेले होते. पण सातव्या थरासाठी थांबणारी परंपरा फळीच्या जिवाबद्दल बेफिकीर राहू शकत नाही. आणि तोडगा हाताशी होता. त्रेत्याकोव्हला लागूनच तोल्माची भागातले संत निकोलसचे चर्च आहे. तिथे उपासनाही चालते आणि हवेचे तापमान, ओल यांवर लक्षही असते. बाराव्या शतकातला ‘व्लादिमीरची माता’ हा आयकॉन १९९९ मध्ये तिथेच काचेच्या खास पेटीत ठेवण्यात आला आणि लोक त्यापुढे प्रार्थना करू लागले. पेन्टेकॉस्टच्या सणाला ‘त्रैक्य’ही दालनातून या चर्चमध्ये आणत, उपासना झाली की जपून परत नेत. ती व्यवस्था योग्य होती, आणि ‘त्रैक्य’ पुन्हा तिथेच यायला हवे.